पेटी, पाऊस आणि १३२ वॅट

आमच्याकडे गेम खेळायला वेळ मिळतो तो पावसाळ्यात, आणि लाइट जाते तीही पावसाळ्यात. गेमचा कॉम्प्युटर नवा करताना मला खरी झुंज द्यावी लागली ती याच्याशी. ग्राफिक्स कार्ड वगैरे नंतरचं.

देवबागला आमचं चार खोल्यांचं निवास-न्याहारी आहे. ऑक्टोबर ते मे मला कॉम्प्युटरकडे बघायलाही फुरसत नसते. सकाळी घावणे-चटणी, दुपारी थाळ्या, संध्याकाळी कुणाला तरी डॉल्फिन दिसले नाहीत म्हणून त्याची समजूत काढायची. मेअखेरीस सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्कुबा बंद होतात, १ जूनपासून मासेमारीही बंद. मग गावात फक्त पावसाचा आणि माडांचा आवाज. २०२५ ला तर पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत येऊन ठेपला. मेच्या शेवटच्या आठवड्याची बुकिंगं एकामागोमाग रद्द झाली, खोल्या रिकाम्या, हातात ७५ हजार बाजूला ठेवलेले. त्याच संध्याकाळी मी पेटी उघडली.

‘पेटी’ हा कॉम्प्युटरसाठी आईचा शब्द. तिचं मत सोपं होतं: "त्या पेटयेत एवढे पैसे घालतंस, त्यापेक्षा घराची कौलां परतून घे मेल्या." कौलं मी एप्रिलमध्येच परतून घेतली होती, पण ते सांगून उपयोग नसतो.

मशीन २०१८ च्या गणपतीनंतर जोडलेलं. रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, एक टीबीची हार्ड डिस्क. युरो ट्रक सिम्युलेटर त्यावर मजेत चालायचा. (जर्मनीत ट्रक चालवताना रस्ता खणलेला मिळत नाही, हे महामार्गाच्या आमच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला फार बरं वाटतं.) पण सायबरपंक या गेमने २०२३ मध्ये आपल्या किमान गरजाच वाढवल्या. हार्ड डिस्क चालणार नाही, बिनचकतीची वेगवान एसएसडीच हवी, आणि कार्ड निदान ६ जीबीचं १०६०. माझं ४ जीबीचं. त्यात २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता, आणि विंडोज ११ च्या प्रोसेसरांच्या यादीत २२००जी नाही. म्हणजे निमित्तांचीही कमतरता नव्हती.

आता पेटी उघडण्याबद्दल. मागच्या चार स्क्रूंपैकी दोन निघाले. तिसऱ्याचं डोकं स्क्रूड्रायव्हरखाली भुगा झालं. चौथ्याच्या जागी गंजाचा तपकिरी ठिपका तेवढा उरला होता. बाजूचा पत्रा ओढला तर आतून आधी वास आला, बंद ठेवलेल्या होडीच्या खणासारखा. पॉवर सप्लायच्या जाळीत एक सुकलेली पाल. मागच्या बाजूच्या यूएसबी खाचांवर तांब्याच्या हंड्याला चढतो तसा हिरवट थर. रॅमची पट्टी काढून उजेडात धरली, तर सोनेरी दातांपैकी डावीकडचे पाच-सहा काळे पडलेले. गेल्या वर्षभर सकाळी पहिल्यांदा चालू करताना तीन बीप वाजायच्या आणि दुसऱ्यांदा बटण दाबलं की सुरू व्हायचं. मी ते म्हातारपण समजत होतो. खोडरबराने दात हलके घासले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, आणि बीप बंद.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मध्ये वाळूचा चिंचोळा पट्टा. वारा कुठूनही आला तरी खाराच. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी जूनमध्ये पाणी का सोडते हे आईला विचारा: हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास गेला की मीठ स्वतःहून पाणी ओढून घेतं. तसंच मीठ मदरबोर्डावर बारीक थराने बसलेलं असतं. उन्हाळ्यात ते गप्प पडून राहतं, पावसात ओलं होतं आणि तांबं खायला लागतं. पुण्यातले लोक धुळीची चिंता करतात. आम्ही मिठाची.

म्हणून पहिला बदल फुकटात झाला. मशीन समुद्राकडच्या खोलीतून उचलून माजघरात आणलं, जिथे भिंती जाड आणि खिडकी एकच. प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकलं, कारण त्याखाली मशीनला घाम फुटतो. आता आईच्या जुन्या साडीचा तुकडा असतो. आणि खेळायचं नसलं तरी पावसाळ्यात रोज तासभर चालू ठेवायचं. आतली ऊब ओल धरू देत नाही. पूर्वी लोक कॅमेऱ्याच्या कपाटात बल्ब लावून ठेवत, तीच ही युक्ती.

बहिणीने लॅपटॉप सुचवला होता. बॅटरी आपलीच, लाइटची कटकट नाही, वगैरे. पण लॅपटॉपची एक खाच सडली की सगळा बोर्ड गेला, आणि तो दुरुस्तीला मुंबईला पाठवायचा. पेटीत जे खराब होईल तेवढंच बदलता येतं.

मग लाइट. तौक्ते वादळाच्या वेळी, २०२१ च्या मेमध्ये, आमच्याकडे नऊ दिवस अंधार होता. ते सोडा, साध्या जुलैच्या पावसातही दिवसातून पाच-सहा वेळा ये-जा ठरलेली. घरात जुना स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर होता. त्यावर पंखे गुणगुणायचे आणि मशीन हटकून रीस्टार्ट व्हायचं. बरीच वर्षं मी पॉवर सप्लायला शिव्या दिल्या. पण हल्लीच्या बऱ्याच पॉवर सप्लायमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, आणि त्याला चौकोनी लहर पचत नाही. साइन वेव्ह, म्हणजे गुळगुळीत लहर, लागते.

दुसरी गोष्ट मला कुडाळच्या इलेक्ट्रिशियनने दाखवली. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल. आमचं आठ वर्षं नॉर्मलवर होतं. लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला नॉर्मलमध्ये चाळीसेक मिलीसेकंद लागतात, यूपीएसमध्ये दहाच्या आसपास. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलीसेकंद श्वास रोखून धरतो. म्हणजे एका बटणावर खेळ चालू राहतो, दुसऱ्यावर मरतो.

बटण यूपीएसवर केलं तर नवीन तक्रार. त्या मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर उडी मारतो, आणि आम्ही लाइनीच्या शेवटच्या टोकाला. संध्याकाळी सातला १७० असणं नेहमीचं. लाइट असूनही बॅटरी रिकामी! म्हणून इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर आला. आणि त्याच वेळी अर्थिंग तपासलं, कारण कॅबिनेटला उघडा पाय लागला की झिणझिण्या यायच्या. अंगणातला अर्थिंगचा पाइप उपटला तर हातभर निघाला आणि संपला. खालचा भाग खाऱ्या वाळूत गंजून कधीच गळून गेलेला. आठ वर्षं आमचं अर्थिंग म्हणजे जमिनीत खोचलेली एक लोखंडी कांडी होती.

साइन वेव्हचा नवीन इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासाची बॅटरी मिळून २३,५००, स्टॅबिलायझर ३,७००, अर्थिंग २,८००. झाले तीस हजार, आणि खेळात पडद्यावर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांत अजून एका फ्रेमचीसुद्धा भर नाही.

उरलेल्या पैशांवरून भाच्याशी वाद झाला. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्याकडे सगळ्याची शीट तयार असते.

"मामा, सेकंडहँड ३०७० कार्ड घे. त्याच पैशात दीडपट चालेल."

"किती वॅट?"

"२२०. का?"

त्याला का ते कळेना, कारण त्याच्या सोसायटीत जनरेटर आहे. माझी बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची. इन्व्हर्टरचा स्वतःचा वाटा आणि बॅटरी तळापर्यंत पिळायची नाही हे धरलं तर हजार-अकराशे हाती लागतात. त्यात दोन पंखे, दिवे आणि राउटर. आरएक्स ६६०० चं कार्ड १३२ वॅटचं. त्यावर सेकंदाला ६० फ्रेमच्या वर जायचं नाही असं कुलूप घातलं की मॉनिटरसकट सगळं २१० च्या घरात राहतं, मीटर लावून पाहिलं आहे. म्हणजे तीन तास. ३०७० वर हे गणित दोन तासांवर येतं. आणि सेकंडहँड कार्ड आधी कुठे, कसं राबलं हे कोण सांगणार?

खरं सांगायचं तर माझ्या हिशेबाने सर्वांत योग्य कार्ड आरटीएक्स ४०६० होतं, अवघं ११५ वॅट. पण ते नऊएक हजारांनी महाग, आणि ते पैसे स्टॅबिलायझरने आणि जमिनीतल्या पाइपने खाल्ले होते. ६६०० घेतलं, २०,५०० ला. माझ्या जुन्या बोर्डावर त्याची थोडी गती कमी होते, कारण ते बोर्डाशी बोलायला आठच लेन (वाटा) वापरतं आणि बी४५० वरच्या त्या वाटा जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या. १०८०पी च्या मॉनिटरवर मला तरी फरक दिसत नाही.

बोर्ड मात्र बदलावा लागला नाही. २०१८ च्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटवर २०२२ चा रायझन ५ ५६०० प्रोसेसर बसतो, फक्त बायोस (बोर्डाचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत पाहिजे. प्रोसेसर ९,८०० ला, १६ जीबी रॅम ३,२०० ला, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी ५,२०० ला, नवीन पॉवर सप्लाय ४,३०० ला. कार्ड आणि प्रोसेसर मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वतः आणले, कोकणकन्येत मांडीवर धरून. कुरियरवर भरवसा नव्हता असं नाही, पण खराब निघालं तर परत कसं पाठवायचं ते इथे राहणाऱ्याला विचारा. रॅमच्या बाबतीत नशीब चांगलं. वर्षअखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि तीच पट्टी दुपटीच्या पुढे गेली.

बायोसची रात्र विसरणार नाही. २०१८ च्या आवृत्तीवरून थेट शेवटच्या आवृत्तीवर जाता येत नव्हतं, आधी मधली एक घालायची, मग शेवटची. म्हणजे दोनदा, आणि दोन्ही वेळा जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच. मध्ये लाइट गेली तर बोर्ड मेला. रात्री अडीचला उठलो, तेव्हा व्होल्टेज स्थिर असतं. पेनड्राइव्ह लावला. पहिली आवृत्ती सुरळीत. दुसरीची पट्टी साठ टक्क्यांवर असताना खाडीच्या बाजूला वीज चमकली आणि गावभर अंधार झाला. इन्व्हर्टरचा ‘टक्’ असा आवाज. पडद्यावरची पट्टी तिथेच होती. मग एकसष्ट. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की वेताची गाठ तळव्यात उमटली. सकाळी ५६०० बसवला. त्याच्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणून जुना २२००जी डाळीच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत जपून ठेवला आहे. उद्या कार्ड गेलं तर पडद्यावर काहीतरी दिसायला तोच लागेल.

सायबरपंक उतरवायला आमच्या इंटरनेटवर दोन दिवस लागले. चालतो झकास. त्याबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मुख्य लाइनीवर माड पडला आणि दोन दिवस लाइट आली नाही. मी मनातल्या मनात खूश. पूर्ण भरलेली बॅटरी, कुलूप घातलेल्या साठ फ्रेम, बाहेर धो धो पाऊस, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो प्रसंग. सातला मशीनसमोर बसलो, तेवढ्यात शेजारच्या काकू चार्जर घेऊन आल्या. मग त्यांचा दीर. मग वाडीतली पोरं एक्स्टेन्शन बोर्ड घेऊनच. माजघरात ओळीने सतरा मोबाइल, दोन टॉर्च आणि कुणाच्या तरी आजोबांचं वाफेचं यंत्र. सतरा मोबाइलना फारसं काही लागत नाही हे मला वॅटमध्ये माहीत होतं, पण बसायला जागाच नव्हती. आईने सगळ्यांना चहा केला. कपाटाजवळ उभी राहून तिने इन्व्हर्टरवर हात ठेवला.

"बरां झालां ह्यो घेतलंस तो," ती म्हणाली. "पेटी खंयची व्हयी होती?"