जुन्या मॉनिटरवर एचडी चित्र : कामाची सद्यःस्थिती

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून घेतलेला २४ इंची जुना मॉनिटर एचडी चित्रासाठी आता बऱ्यापैकी मार्गी लागला आहे. त्याचा पडदा १९२० बाय १२०० पिक्सेलचा असून पूर्ण एचडीला १९२० बाय १०८० पुरतात, त्यामुळे पिक्सेलच्या बाबतीत शंका नव्हतीच. किंबहुना १२८० बाय १०२४ चा चौकोनी मॉनिटरसुद्धा ७२०पी (१२८० बाय ७२०) चित्र वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून जसेच्या तसे दाखवू शकतो. घोडे अडते ते इतरत्र.

पहिला अडसर एचडीसीपीचा, म्हणजे चित्राची नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपाचा. डीव्हीआय (मॉनिटरची जुनी जोडणी) आणि एचडीएमआय (बॉक्सची जोडणी) यांचे चित्रसंकेत मुळात सारखेच असल्याने सेट-टॉप बॉक्सला साधी केबल पुरते, मात्र मॉनिटरला एचडीसीपी नसेल तर संरक्षित कार्यक्रमाच्या वेळी पडदा काळा राहतो किंवा सूचना झळकते. माझ्या मॉनिटरला ती सोय आहे. जुना माल विकणारा दुकानदार "एचडी चालतं" असे सांगतो तेव्हा तो केवळ पिक्सेलविषयी बोलत असतो, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. आवाजासाठी बॉक्सच्या लाल-पांढऱ्या जोडणीतून स्पीकरला वेगळी वायर नेली आहे.

चित्राचे प्रमाण मेनूतच सुटले. मूळ मांडणीत १०८० ओळी ताणून १२०० केल्या जात होत्या, त्यामुळे वाहिनीचे गोल बोधचिन्ह लांबट दिसे आणि जामठ्याच्या मैदानावरील क्रिकेट सामन्यातले पंच उगाचच उंच वाटत. आता वर-खाली ६० ओळी काळ्या राहतात व चित्र पिक्सेलला पिक्सेल जुळते.

खरा पेच गतीचा आहे. आपल्याकडील एचडी प्रक्षेपण सहसा १०८०आय, म्हणजे सेकंदाला ५० अर्धचित्रांचे (प्रत्येकात एकाआड एक ओळी) असते. मॉनिटर ५० हर्ट्‌झचा (सेकंदाला ५० चित्रांचा) संकेत बिनतक्रार स्वीकारतो, माहितीच्या चौकटीत तसा आकडाही दाखवतो, तरीही बातम्यांची खालून सरकणारी पट्टी सारखी अडखळते. शहानिशा करण्यासाठी संगणकावरून ५० हर्ट्‌झवर दर चित्रागणिक एक घर पुढे सरकणारा पांढरा चौकोन चालवला आणि एक पंचमांश सेकंदाच्या उघडझापेने त्याचे छायाचित्र घेतले. छायाचित्रात उमटलेल्या दहा घरांपैकी दोन घरे ठळकपणे अधिक उजळ होती. याचा अर्थ मॉनिटर आतल्या आत ५० चे ६० करतो आणि त्यासाठी दर पाचातले एक चित्र दोनदा दाखवतो. हा दोष मेनूतून जाणारा नाही.

चित्रपटांची गत थोडी बरी आहे. सेकंदाला २४ चित्रे ६० हर्ट्‌झवर आळीपाळीने दोनदा व तीनदा दाखवली जातात. कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा ते जाणवते, एरवी नाही. म्हणून हा मॉनिटर चित्रपटांसाठी संगणकालाच जोडून ठेवणार असून क्रिकेटसाठी ५० हर्ट्‌झवर खरोखर चालणारा पडदा शोधत आहे. खरेदीपूर्वी चौकोनाची हीच चाचणी दुकानात लॅपटॉप जोडून करून पाहीन.