गॅस बदलला, तक्ता तोच राहिला

कंप्रेसरच्या पोटावर दव धरलं होतं. सक्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी पांढरा बर्फ, ऑइल ग्लासमध्ये फेस, आणि मशीनचा आवाज नेहमीपेक्षा दबका. गेजसमोर बसलेल्या फिटरने वही पुढे केली. सुपरहीट (गॅस पूर्ण उकळल्यावर त्याची वाफ आणखी किती तापली तो आकडा) आठ अंश लिहिलं होतं. "सर, आठ म्हणजे बरोबर आहे की." सुपरहीट खरोखर आठ असतं तर हे दव तिथे नसतं. मशीन आधी बंद करायला लावली, मग वही वाचायला घेतली.

काम निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजचं. ऑक्टोबर छाटणीचे दिवस. माल यायला जानेवारी उजाडतो, तोवर खोल्या रिकाम्या, म्हणजे अशा कामाला हीच वेळ. तीन खोल्या, एक सेमी-हर्मेटिक कंप्रेसर, हवेवर थंड होणारा कंडेन्सर, आणि पाटीवर ६० किलो आर-४०४ए, म्हणजे मशीनमध्ये फिरून थंडावा देणारा गॅस. या गॅसचा जीडब्ल्यूपी, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या किती पट हवा तापवतो तो आकडा, ३९२२. एक किलो हवेत गेला तर जवळजवळ चार टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. त्याच्या जागी आर-४४९ए भरायचा होता. त्याचा जीडब्ल्यूपी १३९७, न पेटणारा, आणि कंप्रेसरचं तेलही तेच पीओई (कृत्रिम एस्टर तेल) चालतं.

बाजारात याला 'ड्रॉप-इन' म्हणतात. जुना काढा, नवा ओता, काम झालं. हा शब्द विकणाऱ्याच्या सोयीचा आहे.

पहिला दिवस गळती शोधण्यात गेला, आणि तो तसाच जायला हवा होता. रिकव्हरी मशीनने गॅस काढला तेव्हा काट्यावर ५२ किलो भरले. आठ किलो आधीच उडालेले. सर्व्हिसच्या नोंदींत गेल्या वर्षभरात १८ किलो टॉप-अप होता. म्हणजे नुसत्या गळतीतून वर्षाला ७० टन कार्बन डायऑक्साइडइतकं. भोक तसंच ठेवून नवा गॅस भरला असता तर कमी जीडब्ल्यूपीचा गॅस गळत राहिला असता, एवढाच फरक. (रिकव्हरीचं सिलिंडर ८० टक्क्यांवर भरू नये आणि त्यात दुसरा कुठलाही गॅस मिसळू नये. एकदा मिसळला की तो माल कुणाच्याच कामाचा राहत नाही.)

संध्याकाळी कोरडा नायट्रोजन २५० पीएसआयवर धरला, तेव्हा हवा ३० अंश होती. सकाळी १८ अंशांना गेज २३१ दाखवत होतं. इथे घाई करून चालत नाही, कारण बारा अंश थंडीने नायट्रोजन आपोआपच साडेदहा पीएसआय उतरतो. २३९ ते २४० आलं असतं तर लाइन घट्ट. २३१ म्हणजे आठ-नऊ पीएसआय खरोखर कुठेतरी गेले होते.

साबणाच्या पाण्याने दोन जागा सापडल्या. एक सर्व्हिस पोर्टची पिन, ती नेहमीचीच. दुसरी दोन नंबरच्या खोलीतल्या कूलरच्या यू-बेंडवर, आणि तिच्यामागे कारण होतं. द्राक्षाच्या पेटीत बुरशी रोखायला जो पॅड ठेवतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. खोलीत ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता. दोन्ही मिळून आम्ल होतं आणि ते धातू खातं. ॲल्युमिनियमच्या फिनवर पांढरी भुकटी, तांब्याच्या बेंडवर काळपट पापुद्रा. तो ब्रशने झाडला तेव्हा खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. एका खड्ड्यातून फुगा येत होता, शेजारचे चार बेंडही फुटण्याच्या तयारीत होते. पाचही बेंड बदलले. ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजनची बारीक धार चालू ठेवली, नाहीतर नळीच्या आत काजळी धरते आणि ती पुढे कूलरमध्ये द्रव सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसते.

सगळ्या पोर्टच्या पिना, ओ-रिंगा आणि ड्रायरचा कोअर नवा घातला. तेलाची आम्ल चाचणी चांगली आली, म्हणून तेल राहू दिलं. आर-२२ या आणखी जुन्या गॅसच्या मशीनवर ही मोकळीक नसते. तिथे मिनरल तेल काढून पीओई घालावंच लागतं, आणि जुनी रबरी सील नव्या गॅसला आखडून गळायला लागतात.

व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (आत उरलेला दाब मोजायचं माप) ओढून पंप वेगळा केला आणि पाऊण तास थांबलो. आकडा ७०० वर चढून तिथेच राहिला. चढून थांबणं म्हणजे थोडा ओलावा, चढतच राहणं म्हणजे गळती. ओलावा काढायला पुन्हा तासभर पंप चालवला.

आर-४४९ए मध्ये चार गॅस आहेत: आर-३२, आर-१२५, आर-१२३४वायएफ आणि आर-१३४ए. ते एका तापमानाला उकळत नाहीत, म्हणून सिलिंडरमधून फक्त द्रवच घ्यायचा. वाफ घेतली तर हलके गॅस आधी निघतात आणि मशीनमध्ये भलतंच मिश्रण भरतं. कंप्रेसर बंद ठेवून काट्यावर ५४ किलो रिसिव्हरमध्ये (द्रव साठवायच्या टाकीत) सोडले, म्हणजे पाटीच्या ९० टक्के. मशीन चालू झाल्यावर साइट ग्लासमध्ये बुडबुडे दिसत होते. फिटरचा हात पुन्हा सिलिंडरकडे गेला. तो थांबवला. या गॅसला ग्लास पूर्ण स्वच्छ होईपर्यंत भरत राहिलं की कंडेन्सर द्रवाने भरतो आणि एप्रिलच्या उन्हात मशीन हाय-प्रेशरवर ट्रिप होते. सबकूलिंग (द्रव उकळण्याच्या तापमानापेक्षा किती खाली थंड झाला तो आकडा) मोजून थोडा थोडा वाढवला, ५७ वर थांबलो.

आता त्या आठ अंशांकडे.

आर-४०४ए ला एका दाबाला जवळजवळ एकच तापमान असतं. फरक एका अंशाहूनही कमी, त्यामुळे दाब-तापमानाच्या तक्त्याचा कुठलाही रकाना बघितला तरी चालतं. आर-४४९ए ला तो फरक पाच-सहा अंशांचा. द्रव उकळायला लागतो तो बबल पॉइंट, शेवटचा थेंब संपतो तो ड्यू पॉइंट. सक्शनचा, म्हणजे कंप्रेसरकडे परतणाऱ्या नळीचा, दाब त्या वेळी उणे १० बबल आणि उणे ४ ड्यू दाखवत होता. नळी उणे २ वर. फिटरने सवयीने तक्त्याचा पहिला रकाना धरला आणि उणे १० पासून उणे २ पर्यंत मोजून आठ काढले. खरं सुपरहीट दोन. म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह जास्तच उघडा, आणि न उकळलेला द्रव कंप्रेसरकडे जात होता. तो तेल पातळ करतो आणि बेअरिंग कोरडी पाडतो. नियम एवढाच: सुपरहीट ड्यूवरून, सबकूलिंग बबलवरून. उलटं केलं तर दोन्ही आकडे छान दिसतात आणि दोन्ही खोटे असतात.

व्हॉल्व्हची खीळ पाव फेरा बंद, वीस मिनिटं थांबणं, पुन्हा पाव फेरा. प्रत्येक खोलीला तीन-चार वेळा असं करावं लागलं. दुपारी तीनपर्यंत सुपरहीट सहा-सातवर स्थिरावलं आणि ऑइल ग्लास स्वच्छ झाली. कूलरवर बर्फ डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे द्रव आत शिरतो त्या बाजूला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. या गॅसला ते असंच दिसणार. पण कॉइलचा थंड भाग जास्त थंड म्हणजे हवेतलं पाणी तिथे जास्त गोठणार, आणि पाणी गेलं की आधी सुकतो तो घडाचा देठ. म्हणून कॉइल आणि खोलीतला फरक सहा अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं.

एवढं होऊनही खोली दोन अंशांवर आली आणि मशीन लो-प्रेशर स्विचवर बंद पडली. कारण साधं होतं. त्याच तापमानाला नव्या गॅसचा दाब कमी असतो, आणि स्विच जुन्या गॅसच्या हिशेबाने लावलेला. तो खाली घेतला. डिस्चार्जची, म्हणजे गरम गॅस बाहेर नेणारी, नळी कंप्रेसरपासून वीतभर अंतरावर मोजली: आधी ७२ होती, आता ८४. द्राक्षाच्या शून्य अंशाला हे चालतं. उणे २० च्या फ्रीझरला हाच गॅस भरणार असाल तर हेड कूलिंग फॅन किंवा लिक्विड इंजेक्शनचा विचार आधीच करा.

मालक भाऊंनी विचारलं, "प्रोपेन का नाही भरला? त्याचा आकडा तर तीन आहे म्हणे." प्रोपेन उत्तम गॅस आहे, पण त्याच्यासाठी बांधलेल्या छोट्या मशीनमध्ये. इथे कित्येक किलो जळाऊ गॅस, कूलरजवळ ठिणगी पडणारे स्विच आणि बंद खोलीत काम करणारी माणसं. आर-२२ च्या मशिनींत प्रोपेन ओतणारे लोक आहेत. त्यांच्या खोलीत मी पाय ठेवत नाही. १३९७ हा आकडाही लहान नाही, हे भाऊंना तिथेच सांगितलं. किगाली या आंतरराष्ट्रीय करारानुसार भारतात एचएफसीचा (हे दोन्ही गॅस ज्या घराण्यातले त्याचा) वापर २०२८ ला गोठणार आणि २०३२ पासून उतरणार. युरोपीय संघाने तर २०२० पासूनच ४० टन कार्बन डायऑक्साइडइतका किंवा त्याहून जास्त गॅस असलेल्या बहुतेक मशिनींत आर-४०४ए सारखा नवा गॅस सर्व्हिसिंगला बंद केला. ४० टन म्हणजे या गॅसचे जेमतेम १० किलो. चौथी खोली बांधाल तेव्हा अमोनियाचा विचार करा, म्हटलं.

निघताना मशीनवर नवी पट्टी चिकटवली: गॅस आर-४४९ए, ५७ किलो, तेल पीओई, तारीख. पॅनेलच्या दारामागे आर-४०४ए चा जुना तक्ता अजून होता. फिटरने तो खरवडून काढला, नवा लावला आणि ड्यूच्या रकान्यावर लाल पेनने 'सुपरहीट' लिहिलं. आठवड्याने लीक डिटेक्टर घेऊन पुन्हा यायचं आहे, आधी दोन नंबरच्या खोलीत.