गोधडी क्र. ३: सत्ताविसाव्या फेरीला आलेला फुगा

फुगा आलाच. काठाकडून मध्याकडे येणाऱ्या धावदोऱ्याच्या सव्विसाव्या फेरीपर्यंत पाटासारखी सपाट बसलेली गोधडी सत्ताविसाव्या फेरीला मधोमध उचलली गेली. तळहात दाबून फिरवला की वरचं कापड पुढे पळतं आणि दीड इंचाची घडी उभी राहते. शिवायचा भाग उरलाय २० बाय ४८ इंच, फेऱ्या उरल्यात तेरा.

मापं मागच्या नोंदीतलीच: तयार ६० बाय ८८ इंच, खाली सुती नऊवारी, आत तीन थर, वर ७ इंची ठिगळांचा जोडून घेतलेला थर. एका नऊवारीतून ६२ इंचांचे पाच तुकडे निघतात आणि दोन तुकड्यांचा एक थर होतो. दोन साड्यांत चार थर होऊन दोन तुकडे ठिगळांना उरले. थरांचे मधले जोड चार-चार इंच सरकवून घेतलेत. ते एकाखाली एक आले तर सुई तिथे अडते. काठ आधीच उतरवून किनारीला ठेवलेत.

आता फुग्याचं कारण. धावदोरा काठाकडून मध्याकडे जातो, फेऱ्यांमध्ये पाऊण इंच. सुई वरून आत शिरताना वरचं कापड किंचित पुढे ढकलते, खालचं मात्र जमिनीला धरून बसतं. एका फेरीत हे सरकणं एक मिलिमीटरही नसतं, पण सत्तावीस फेऱ्या आणि दोन्ही बाजू धरल्या की दीड इंच होतो. त्यात दोन चुकांची भर पडली. कच्चे टाके वीतभर अंतरावर होते, तेही शिवण जवळ येण्याआधीच काढले गेले. आणि सुईत एका वेळी पाच-सहा टाके भरले जात होते. टाके जितके जास्त भराल तितकं वरचं कापड सुईवर गोळा होतं. तीनच टाके भरायचे, डावा हात खाली ठेवून सुईचं टोक बोटाला लागू द्यायचं, आणि दोरा ओढल्यावर अंगठ्याने शिवण मागे सारून घ्यायची.

फुग्यावरून आडवी शिवण घालून तो विभागायचा उपाय करू नका. दीड इंचाच्या एका घडीच्या तीन चुण्या होतात आणि त्या अंगाला टोचतात.

आठ फेऱ्या उसवल्या. जुन्या मऊ सुताला सुईची भोकं दिसतात, पण एका धुण्यात ती मिटतात. मग एकोणिसाव्या फेरीच्या आतला सगळा भाग चार-चार इंचांवर कच्च्या टाक्यांनी बांधला, या वेळी मध्यापासून बाहेरच्या दिशेने. झोळ अर्ध्या इंचावर आला. राहिलेला अर्धा इंच ठिगळांच्या उभ्या जोडांत जिरवला: चार जोड उसवून प्रत्येकात एक सूत जास्त दाबलं. चार सूत म्हणजे अर्धा इंच, आणि रुंदीतला झोळ साफ गेला! त्या चार जोडांवरून हात फिरवला तर बदल कळतही नाही.

लांबीतला झोळ मात्र तसाच आहे, कारण आडवे जोड विटांच्या रचनेसारखे मागेपुढे आहेत आणि सरळ रेषेत दाबायला जागाच नाही.

हे लिहिता लिहिता उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, आठवली. त्या वरचा थर आधी जोडूनच घेत नाहीत. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने ठिगळं ठेवत, धावदोऱ्याने बसवत मध्याकडे येतात. प्रत्येक ठिगळ नव्याने मांडलं जातं, त्यामुळे सरकलेलं कापड पुढे साठत नाही. मग इथेही तेच करू. वरचा थर एकोणिसाव्या फेरीच्या आत एक इंच सोडून कापायचा, आणि त्या कडेवर दोन-दोन सूत दुमडलेली ठिगळं ठेवून विसावी फेरी त्यांच्यासकट घालायची. पुढचं ठिगळ आधीच्याच्या कडेवर चढवायचं. आडवे जोड दाबत बसायचा बेत रद्द.

दोऱ्याबद्दल एक सांगायलाच हवं. 'सुती' म्हणून मिळालेलं एक रीळ जाळून पाहिलं तर कडक मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. खरा सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही हीच त्याची खोड आहे: ताण आला की त्याच्याआधी जुनं मऊ कापड फाटतं. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, फाटलेल्या नऊवारीचं काय करणार? जाड सुती दोरा दुहेरी, दोन हात लांब, मेणावरून एकदा ओढून घेतलेला, याहून चांगलं काही नाही.

लाल ठिगळं रंग जातो का या परीक्षेत पास झाली. ओलं करून पांढऱ्या फडक्यावर इस्त्री दाबली, डाग उमटला नाही. ज्यांचा डाग पडतो ती लाल कितीही देखणी असोत, बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका, त्याने कच्चा रंग पक्का होत नाही.

आणि मागची बाजू! बदामी नऊवारीवर एकात एक बसलेले एकोणीस चौकोन, दोन सुतांचा टाका, कोपरे काटकोनात. दिवाणावर हीच बाजू वर घालावी असं वाटायला लागलंय. फरशीवर अंथरायची असेल तर आतले थर तीनऐवजी पाच लागतील. गार टाइल्सचा गारवा तिनांतून जाणवतो, आणि पाच थरांना सुई अर्धा इंच जास्त लांब हवी.

गोधडी क्र. ४ आता मोठी नाही. आधी ३६ बाय ३६ चं दुपटं, पहिल्या टाक्यापासून कवंदीच्या पद्धतीने. कच्च्या टाक्यांना या वेळी गडद हिरवा दोरा, म्हणजे कुठला अजून काढायचा नाही ते लगेच दिसेल.