1082 चं जर्नल

अकरावीची फिजिक्सची जर्नल्स तपासायला घेतली की माझं डोकं दुखायला लागतं, कारण वीस जर्नल्समध्ये सिंपल पेंड्युलमचा, म्हणजे लंबकाच्या प्रयोगाचा, रिझल्ट एकच, g (गुरुत्वीय त्वरण, सेमी/सेकंद² मध्ये) = 980, पॉईंटनंतर काही नाही. अरे बाबांनो, वीस जणांचे हात, वीस जणांचे डोळे, स्टॉपवॉच पाचच, त्यातल्या एकाचं बटण अडकतं, आणि उत्तर सगळ्यांचं पुस्तकातलं! सीनियरचं जर्नल कुणाच्या बॅगेत आहे हे मला न विचारता कळतं. (खरं सांगायचं तर अकरावीत माझ्या जर्नलमध्येही 980 च होतं.)

त्या दिवशी मात्र एका मुलीचं जर्नल उघडलं तर 1082. बाजूला रबरने खोडल्याच्या खुणा, म्हणजे तिने 980 करायचा विचार केला असणार आणि मग परत 1082 लिहिलं. खाली सोर्सेस ऑफ एररमध्ये नेहमीचंच, एअर रेझिस्टन्स आणि ह्यूमन एरर.

तिला बोलावलं तर रडवेली होऊन आली. "मॅम, मी तीनदा केलं, तेवढंच येतंय." म्हटलं हवेमुळे जरा जरी फरक पडला तरी पिरियड (T, एका दोलनाचा वेळ) वाढेल ना, मग g कमी यायला पाहिजे, तुझं तर वाढलंय. गप्प.

मग टेबल बघितलं. लांबी 100 सेमी, 20 दोलनांना 38.2 सेकंद, म्हणजे T 1.91. अगं, एक मीटरला T दोन सेकंदांच्या आसपास यायलाच हवा. आधी मला वाटलं लांबीत बॉबची, म्हणजे लंबकाच्या गोळ्याची, त्रिज्या धरायची विसरली असेल, पण मग लांबी (L) आणि T² चा ग्राफ ओरिजिनमधून गेला नसता आणि हिचा तर पट्टी लावल्यासारखा सरळ ओरिजिनमधून जात होता, फक्त स्लोप कमी. म्हणजे प्रत्येक रीडिंगला चूक त्याच प्रमाणात. लांबीत गडबड नाही, वेळेतच आहे. आणि 1082 भागिले 979 (आपल्याकडचा g साधारण एवढा) केलं तर 1.105, g हा T च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात म्हणून त्याचं वर्गमूळ घेतलं, 1.05, आणि 20 भागिले 19 पण 1.05!

आता मला हसू यायला लागलं. म्हटलं चल, माझ्यासमोर मोज. तिने बॉब सोडला, एका टोकाला आला तसं स्टॉपवॉच चालू केलं आणि म्हणाली, "एक." तिथेच सापडली चोरी. बॉब अजून कुठे गेलाच नाही आणि हिचं एक झालं, म्हणजे वीस म्हणेपर्यंत दोलनं होतात एकोणीसच. "शून्यापासून मोज," म्हटलं. परत केलं, 40.2 सेकंद. T 2.01, g आला 977. बघून तिलाच विश्वास बसेना.

लगेच विचारलं, "मॅम, पहिलं पान फाडू का?" मी म्हटलं हात लावायचा नाही त्या पानाला, नवीन रीडिंग त्याच्या खाली लिही, आणि ह्यूमन एरर हा शब्द खोडून नक्की काय झालं ते लिही. आमच्या इथे ह्यूमन एरर म्हणजे देवाची करणी, त्याच्यात कुणाचीच चूक नसते.

तिने लिहिलं: "स्टॉपवॉच सुरू करताना एक मोजल्यामुळे 20 ऐवजी 19 दोलनांचा वेळ घेतला गेला, म्हणून T कमी आणि g सुमारे 10 टक्के जास्त आला." दोन ओळी. त्या बॅचच्या एकाही जर्नलमध्ये असं वाक्य नव्हतं. बाकीच्यांची चूक शोधायला मला रीडिंगच नाही, 980 वरून उलटं काढलेले आकडे आहेत, त्यातून काय सापडणार?

तिच्या पानावर लाल पेनने सही केली. उरलेली एकोणीस कपाटात ठेवलीत, शुक्रवारी सगळ्यांना परत लंबकाला उभं करणार आहे, आणि त्याआधी ते अडकणारं बटण दुरुस्त करून घ्यायचंय.