सहा कडांची काठी

जुन्या सामानाच्या ढिगात बांबूची काठी दिसली की मी आधी तिच्यावरून बोट फिरवतो. गोल लागली तर ठेवून देतो, सहा कडा लागल्या की मात्र मुद्दाम दुसऱ्याच कुठल्यातरी पितळी तांब्याचा भाव विचारतो, कारण गिऱ्हाईकाचे डोळे चमकले की भंगारवाल्याला लगेच कळतंय.

सहा कडा म्हणजे गळाची जुनी विलायती काठी. अख्खा बांबू नाही, तो चिरून त्याच्या सहा त्रिकोणी कामट्या, प्रत्येकीचा कोन ६० अंशाचा, रंधून एकमेकींना चिकटवलेल्या, बाहेर सगळीकडून बांबूची पाठ कारण दम सगळा पाठीच्या दाट धाग्यात असतो. शेंड्याकडं तर एकेक कामटी काडेपेटीच्या काडीहून बारीक. आमच्या बुरूडगल्लीतल्या मामांना दाखवली तर त्यांनी एक डोळा मिटून ती बंदुकीसारखी धरली, हळूहळू फिरवली आणि म्हणाले, "पेरं एका जागी येऊ दिली न्हाईत बघा, कारागीर पक्का हाय." पेर म्हणजे बांबूची गाठ, तीच कच्ची जागा, म्हणून चांगल्या काठीत ती मागंपुढं सरकवून बसवतात. तशी एक कामटी तासून द्या म्हटलं तर मामांनी हातच जोडले.

मुठीच्या वर शाईनं लिहिलेलं काही उरलं असेल तर नशीब. हार्डी, अल्निक, पालाकोना असं वाचता आलं तर काठी इंग्लंडच्या, १८७२ साली सुरू झालेल्या हार्डी कंपनीची, अल्निक तिचं गाव आणि पालाकोना तिच्या बांबूच्या काठ्यांचं नाव. शोभेच्या लाकडी पेटीत गळ-बिळ मांडून ठेवलेली असेल तर बहुतेक दुसऱ्या महायुद्धानंतरची जपानी, दिसायला झकास, कामाला यथातथा. दर दोन बोटांवर रेशमाचे वेढे असतील तर काठी जुनी, तेव्हा सरसावर कुणाचा भरवसा नव्हता. आणि अंगावर भाजल्याचे तपकिरी डाग असले की मला जास्तच आनंद होतो, कारण चीनच्या ग्वांगडोंगमधला टोंकिन बांबू सगळीकडं चालायच्या आधी कलकत्त्याहून बांबू जायचा, त्याच्या अंगावर असे डाग असायचे, आणि तो बहुतेक आपला मानवेलच, ज्याच्या लाठ्या होतात. साहेबानं आपलाच बांबू नेला, चिरला, चिकटवला आणि वर नाव टाकलं!

दुरुस्ती म्हणाल तर निम्मं काम हात आवरण्याचं. पॉलिश पेपर जोरात घासला की पाठच जाते आणि मग उरतं नुसतं गवत. भिंतीला टेकवून वर्षानुवर्षं ठेवलेली काठी वाकते, ती मंद आचेवर फिरवत गरम करायची, उलट्या बाजूला दाबायची आणि थंड होईपर्यंत सोडायची नाही, पण आच जास्त झाली तर आतला सरस सुटतो. काठीचे तुकडे जोडणारा जर्मन सिल्व्हरचा जोड अडकला तर पिळायचं अजिबात नाही, सरळ ओढायचं, पिळलं की कामट्या सुटतात. चांगला जोड निघताना टप्प असा आवाज येतो, तो ऐकायला मी उगाचच चारदा काढतो-घालतो.

वेढ्यांचं रेशीम मला पैठणचा एक ओळखीचा विणकर देतो, मागावरचं उरलेलं. धाग्याचं टोक धाग्याखालीच दाबून वेढे घ्यायचे, एकाला एक खेटून, नखानं सरकवत, शेवटच्या पाच-सहा वेढ्यांखाली दोऱ्याचा फास ठेवायचा आणि त्यातून टोक आत ओढून घ्यायचं, गाठ कुठंच नाही. वर व्हार्निश लागलं की लाल रेशीम मरून रंगाचं होतं आणि पांढरं तर चक्क गायब, खालचा बांबू दिसतो.

नाथसागरावर घेऊन गेलो की भोई पोरं विचारतात, काका, ह्यानं मासे जास्त लागतात का. नाही लागत. तंगूस आणि साधी काठी घेतलेला पोरगा माझ्या आधी मरळ काढतो.

सध्या एका काठीचा शेंडा वीतभर कमी आहे, तसा दुसरा शोधतोय. कुणाच्या माळ्यावर सहा कडांची काठी असंल अन् तिनं जळमटं काढत असाल तर थांबा, मला सांगा, बदल्यात नवा झाडू देतो.