तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्याकडे वसंत कधी येतो?

सुट्टीत पुण्याला आले की हा प्रश्न ठरलेला. पाडव्याला इथे कडुलिंब फुललेला असतो, तेव्हा तुमच्याकडे काय असतं? आमच्याकडे तेव्हा नदीवरून ट्रक जात असतात.

मी मूस फॅक्टरी नावाच्या बेटावर नर्स आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या उत्तरेला मूस नदी जेम्स उपसागराला मिळते, तिथलं हे क्री या आदिवासी लोकांचं बेट. समोरच्या काठावर मूसनी गाव. मध्ये पूल नाही. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या जातात, उन्हाळ्यात होड्या. मधल्या दिवसांत दोन्ही नाही, फक्त हेलिकॉप्टर. वसंत नेमका या मधल्या दिवसांत येतो आणि आल्या आल्या रस्ता काढून घेतो.

एप्रिलमध्ये बर्फावर पाणी साचायला लागतं. आधी जड गाड्या बंद होतात, मग सगळ्याच. घरोघरी पीठ, साखर भरून ठेवतात. पण सगळ्यांचे कान आभाळाकडे. एखाद्या सकाळी कुणीतरी ओरडतं, "नीस्का!" म्हणजे दक्षिणेतून परतलेले रानहंस, कॅनडा गूज. त्यांची हाक ऐकली की कुटुंबंच्या कुटुंबं शिकारीच्या तळावर निघतात. उपसागरापलीकडे, क्वेबेकमधल्या क्री शाळांना तर त्यासाठी सुट्टीच असते, 'गूज ब्रेक'.

एका वर्षी मलाही नेलं. फांद्यांच्या आडोशामागे माणसं गप्प बसलेली, मध्येच कुणी हंसाची हुबेहूब हाक घालायचं आणि थवा वळायचा. तंबूत कूकुम, म्हणजे आजी, दोरीला टांगलेला हंस विस्तवापुढे भाजत होती. दोरीला पीळ दिला की तो आपोआप फिरत राहतो. चरबी खालच्या भांड्यात ठिबकते, ती पावाला लावून खायची. नातवाने मारलेला पहिलाच पक्षी होता तो. आजीने त्याला शाबासकी दिली नाही, नुसता त्याच्या पाठीवर बराच वेळ हात ठेवला. मला माझी आजी आठवली.

मग नदी. ती उत्तरेकडे वाहते, त्यामुळे वरच्या अंगाचा बर्फ आधी सुटतो आणि मुखाशी अजून घट्ट असलेल्या बर्फावर येऊन आदळतो. पाणी तुंबतं. इथल्या जुन्या सेंट थॉमस चर्चच्या लाकडी जमिनीला मुद्दाम भोकं पाडली होती. पुराचं पाणी आत शिरावं, चर्च तरंगून वाहून जाऊ नये म्हणून. आणखी उत्तरेला, ऑल्बनी नदीवरच्या कशेचेवान गावातल्या लोकांना तर जवळपास दर वसंतात विमानाने बाहेर हलवतात. गाव उंच जागी नेण्याचा करार २०१९ मध्ये झाला, तरी माणसं बॅगा भरतातच. वसंताची हाक ऐकताना पोटात गोळा यावा, हे मला सहन होत नाही.

क्री भाषेत या दिवसांना दोन वेगळे ऋतू आहेत. हंस येतात तो सीक्वन, आणि नदी मोकळी होते तो मिलोस्कमिन. मला दुसऱ्याची ओढ जास्त. बर्फ फुटताना गडगडाट होतो, सगळं बेट काठावर येऊन उभं राहतं. पुढे काही दिवसांनी उरलेल्या तुकड्यांमधून वाट काढत मूसनीहून पहिली होडी येते. त्या दिवशी मी पुण्याला आईला फोन करते आणि सांगते, आला.