पद्मिनीचा पिस्टन

"टॅक्स्या होत्या तोवर माल होता, साहेब." कुर्ल्यातल्या दुकानदाराने पिस्टन बोटांत फिरवला, वरची काजळी अंगठ्याने पुसली आणि परत दिला.

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं १०८९ सीसी इंजिन उघडून ठेवलंय. मेकॅनिकने बजावलंय, आधी ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा किंचित मोठे पिस्टन आणा, मगच ब्लॉक बोअरिंगला टाकू, म्हणजे सिलिंडर त्या मापाला कापून घेऊ. बरोबरच आहे त्याचं.

पण दुकानदाराचं ते वाक्य डोक्यातून जाईना. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा आम्ही फोटो टाकून हळहळलो. खरं तर आमच्या हौसेचा सगळा खर्च आजवर त्या टॅक्सीवालेच उचलत होते! सुटे भाग बनत होते ते त्यांच्या खपावर; आम्ही हौशी मंडळी कितीसे पिस्टन घेणार?

असो. कुणाच्या गॅरेजच्या माळ्यावर एखादा सेट पडलाय का?